जिने वाचवलं म्हणतात, ती चौकट

मी चौकट बोलतेय. दाराची चौकट, पण आता माझ्यात दार नाही आणि माझ्याभोवती भिंतही नाही. एका अंगणात कुंपणाला टेकवून मला उभं केलं आहे. येणारे-जाणारे थांबतात, माझ्या खांबावर हात फिरवतात आणि हळू आवाजात म्हणतात, "हीच ना ती? हिनेच मास्तरांना दोनदा वाचवलं."

खोटं आहे ते. मी कुणालाही वाचवलेलं नाही. एकदाही नाही. मला तोंड नव्हतं, म्हणून पन्नास वर्षं हे खोटं माझ्या नावावर पोसलं गेलं. आज सगळं सांगून टाकते.

एका जुन्या झाडाच्या बुंध्यातून मला काढलं. ज्या सुताराने मला घडवलं तो कामापुरता बोलणारा माणूस. दोन खांब, वर एक आडवं लाकूड, खाली उंबरठा. खिळा न वापरता त्याने माझे सांधे बसवले. मग मला दगडमातीच्या एका घरात उभं केलं. दोन हात जाड भिंती होत्या त्या. मी त्यांच्यात दडपून उभी असायचे. दार धरायचं, एवढंच माझं काम.

त्या घरात एक आठ वर्षांचा मुलगा होता आणि त्याची अकरा वर्षांची ताई. एका सकाळी जमीन हलली. ताईने भावाचा हात धरला आणि दोघं पळत माझ्यापर्यंत आली. तो माझ्या डाव्या खांबाला चिकटला, ती उजव्या. डावीकडची भिंत राहिली. उजवीकडची आत कोसळली.

माझ्यात दोघं उभी होती. एक राहिला.

लोकांनी ढिगारा उपसला, तेव्हा त्यांना मी उभी दिसले आणि माझ्याखाली धुळीने पांढरा झालेला मुलगा दिसला. कुणीतरी ओरडलं, "चौकटीने पोर राखलं!" त्या दिवशी लोकांना काहीतरी चांगलं हवं होतं, म्हणून त्यांनी तेवढंच उचललं. ताईबद्दल कुणी बोललं नाही. पुढे मुलगाही बोलेना. वर्षानुवर्षं सांगून सांगून ती गोष्ट इतकी लहान झाली की तिच्यात ताईला जागाच राहिली नाही.

मुलगा मोठा होऊन शिंपी झाला. हात चांगला होता त्याचा. लोक त्याला मास्तर म्हणू लागले. त्याने शहरात स्वतःचं घर बांधायला काढलं, तेव्हा पहिली आठवण माझी झाली. जुन्या जागेवरून मला टेम्पोत घालून आणलं. बाहेरच्या कामाच्या खोलीत आणि आतल्या खोलीत एक भिंत येणार होती, तिच्यात मला बसवायचं ठरलं.

गवंड्याने मला उचलून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मास्तर, ही दोन हात जाड भिंतीची चौकट. आपली भिंत चार इंची. कोण कुणाला धरणार?"

"तू बसव. तिचं काम तिला ठाऊक आहे."

"आणि वरच्या विटा? त्यांना आधार काय?"

"अरे, तुझ्या जन्माआधीपासून उभी आहे ती!"

गवंड्याने मला बसवायला घेतलं. माणसांची ही खोड मी फार पाहिली. वयाचा आकडा पुढे केला की समोरच्याने प्रश्न गिळायचा.

कामाच्या खोलीत माझ्यापासून तीन पावलांवर कापड बेतायचं टेबल होतं. लोखंडी पाय, तळहाताएवढ्या जाड फळ्या. त्यावर खडू, टेप, कात्री, गणवेशांची थप्पी. दोन मशिनं खिडकीशी. मास्तरांची बायको त्यातल्या एकावर बसायची. काज, बटणं, हातशिलाई सगळी तिच्याकडे. दातात दोरा धरून ती बोलायची आणि गिऱ्हाइकांना तिचं म्हणणं बरोबर कळायचं.

त्या भागात अधूनमधून जमीन थरथरायची. भांडी वाजायची आणि थांबायची. प्रत्येक वेळी मास्तर हातातलं टाकून माझ्यात येऊन उभे राहायचे, दोन्ही हात दोन खांबांवर. "चौकटीत या!" बायको यायची, त्यांची मुलगी यायची. थरथर थांबली की मास्तर माझ्यावर थाप मारायचे. "बघा." काय बघा? काही झालंच नव्हतं. पण न झालेल्या प्रत्येक गोष्टीचं श्रेय मला मिळत गेलं.

मुलगी कॉलेजात गेली आणि या थापेला पहिल्यांदा कुणीतरी अडवलं.

"बाबा, आमच्याकडे शिबिर झालं. भूकंपात दारात उभं राहायचं नसतं."

"चहा-बिस्किटं दिली का शिबिरात?"

"ऐका तरी! घरात असलो तर बाहेर पळायचं नाही. जवळच्या मजबूत टेबलाखाली जायचं, डोकं नि मान झाकायची, टेबलाचा पाय धरून ठेवायचा. टेबल सरकलं तर आपणही सरकायचं. हलणं थांबेपर्यंत जागा सोडायची नाही."

"मी भूकंपातून बाहेर आलोय. तुझा शिबिरवाला पुस्तकातून."

"तुम्ही भिंतीमुळे वाचलात. ती भिंत जाड होती. ही काय आहे? बुक्की मारली तर पलीकडे हात जाईल!"

"जीभ आवर."

"का? चुकीचं बोलले का मी? एक तरी कारण द्या ना. 'मी सांगतो म्हणून' याला कारण म्हणत नाहीत."

"दोघंही आवरा," आई दातातल्या दोऱ्यासकट म्हणाली, "गुंडीचा रंग चुकतोय माझा."

टेबलाखाली जागा होती कुठे? मास्तर तिथे कापडाचे गठ्ठे कोंबून ठेवायचे. मुलीने एका रविवारी सगळे बाहेर काढले. मंगळवारी ते परत आत. तिने पुन्हा काढले.

"मग ठेवू कुठे? डोक्यावर?" मास्तर कडाडले.

"ठेवा! निदान डोकं तरी झाकलं जाईल!"

आई हसली, आणि मग मास्तर बाहेर गेल्यावर तिनेच अर्धे गठ्ठे आतल्या खोलीत नेऊन रचले. एका बाजूला दोघींपुरती जागा झाली. मास्तरांना ते दिसलं असणार. त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं. या घरात तडजोड अशीच व्हायची, कुणी कुणाला न सांगता.

त्याच संध्याकाळी मुलगी धुसफुसत गणवेशांच्या घड्या घालत होती. आई तिच्याजवळ बसली.

"त्यांना एक ताई होती. हिच्यातच गेली ती." तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. "लग्नानंतर एकदाच बोलले. पुन्हा नाव नाही काढलं."

मुलीचे हात थांबले. "आणि तरीही ते आपल्याला इथेच उभं करतात?"

"तरीही नाही गं. म्हणूनच. हिने वाचवलं नसेल, तर ती गेली आणि ते राहिले, याला काही कारणच उरत नाही. ते कसं सोसायचं माणसाने?"

मुलीने हातातला गणवेश बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आणि खरंच जोरात हललं तर तू कुठे जाशील?"

"तुझ्याजवळ. टेबलाखाली."

"नक्की?"

"हो गं." आईने दोरा तोडला. "पण ते इथे एकटेच उभे राहतील ना."

त्या क्षणी मला ओरडता आलं असतं तर! मी फक्त ऐकत राहिले. लाकडाच्या नशिबी तेवढंच असतं.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. दुपारची वेळ, जेवणं नुकतीच झालेली, दोन्ही मशिनं चालू. आधी भिंतीवरची कात्री खिळ्यावर डुलायला लागली. मग खालून असा दणका आला की मशिनंच जागची हलली. वरच्या फळीवरून दोऱ्यांची रिळं सुटली.

मुलीने आईला खांद्याला धरून टेबलाखाली ओढलं. एका हाताने टेबलाचा पाय धरला आणि दुसऱ्या हाताने ती उरलेले गठ्ठे बाहेर ढकलू लागली. "बाबा! इकडे! जागा केलीय! तीन पावलं आहेत फक्त!"

मास्तर माझ्यात होते. दोन्ही हात डाव्या खांबाभोवती. "चौकटीत या! दोघी! ऐका माझं!"

अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हता. माझ्या लाकडात रुतलेली नखं आठ वर्षांच्या मुलाची होती. माझा डावा खांब भिंतीपासून सुटत होता, ते मला कळत होतं. वरच्या विटा एकेक करून सैल होत होत्या. माझं दार मोकाट आपटत होतं.

आईने त्यांचा चेहरा पाहिला.

"आई, नको! थांबेल आता! आई!" मुलीने तिचा दंड घट्ट धरला होता. आईने तो सोडवून घेतला. हलत्या जमिनीवरून ती रांगत आली, माझ्याजवळ उभी राहिली, मास्तरांच्या कमरेला मिठी घालून त्यांना ओढू लागली.

"सोडा हो. सोडा ना."

ते सोडेनात. मी त्या वेळी भुसा होऊन जायला तयार होते. शेवटी तिने सगळा जोर लावून त्यांना टेबलाच्या दिशेने ढकललं. त्यांचे हात सुटले. ते पडले, आणि त्यांच्या जागी ती राहिली. वरची सगळी भिंत तिच्यावर आली.

मिनिटभरातच सगळं थांबलं. घर उभं होतं. टेबलावर नुसती धूळ होती.

शेजारी धावत आले. मी तिरकी होऊन लोंबत होते आणि माझ्यासमोर मास्तर जिवंत बसलेले. कुणीतरी बोललंच, "मास्तर वाचले! पुन्हा त्याच चौकटीत!"

मुलगी विटा उपसत होती. बोटांतून रक्त येत होतं. ती वळली. "इथे माझी आई आहे. ते कोण सांगणार?"

दोघंतिघं खाली बसून विटा उचलू लागले. आणि तरी आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली, आईला वगळून.

या गोष्टीला दोन महिने झाले. ती भिंत काढून टाकली, मला अंगणात आणून ठेवलं. मशीन एकच चालतं. बापलेकीत कामापुरतं बोलणं होतं, "भाकर झाकून ठेवलीय," "गिऱ्हाईक आलंय," असं. मुलगी बापाकडे बघत नाही. मी तिला दोष देत नाही.

आज सकाळी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला. नवं घर बांधतोय तो. माझ्यावर हात फिरवत म्हणाला, "मास्तर, ही मला द्या. मधल्या दाराला लावतो. तीन लेकरं आहेत घरात, तेवढाच आधार. जमीन हलली की सगळे हिच्यात उभे राहू."

मुलगी आतून दारात आली.

मास्तर खुर्चीवरून उठले, आत गेले आणि हातोडा-पटाशी घेऊन आले.

"नाही देत."

"अहो, जपून वापरू आम्ही..."

"हिने मला वाचवलं नाही." मास्तर माझ्याजवळ आले. "माझ्या बायकोने वाचवलं. ती ओढत होती आणि मी हात सोडत नव्हतो. मीच सोडत नव्हतो." मग गॅरेजवाल्याकडे वळून, "घरात टेबल आहे? जाड?"

"आहे की. जेवणाचं."

"खाली काय ठेवलंय?"

"डबे, पोरांची सायकल, काहीबाही."

"आज काढ. घरी जाऊन आधी ते काढ."

गॅरेजवाला गेला. मास्तरांनी माझ्या वरच्या सांध्यावर पटाशी टेकवली. पहिला घाव चुकला. मुलगी पुढे आली. ती बापाशी बोलली नाही. तिने फक्त माझा खांब दोन्ही हातांनी धरला, हलू नये म्हणून, आणि म्हणाली, "इथून मारा."

ते आता मारत आहेत. माझा एक सांधा निघाला. उरलेले निघाले की मी चौकट राहणार नाही, चार लाकडं होईन. मला त्याचं दुःख नाही. पण तेवढ्यात घरातल्या मोठ्यांना एक सांगायचंय. तुम्हाला तुमचा जीव स्वस्त वाटत असेल, तुमची जुनी आठवण मोठी वाटत असेल, तो तुमचा प्रश्न. पण चुकीच्या जागी हट्टाने उभे राहता, तेव्हा तिथे तुम्ही एकटे नसता. तुम्हाला न्यायला कुणीतरी आपली जागा सोडून निघालेलं असतं.