मी पाइप नाही

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही इतके लहान झाला आहात की टाचणीच्या माथ्यावर तुमच्यासारखे शेकडो जण मावतील. आता एका अंधाऱ्या बोगद्यात शिरा. पायांखाली, डोक्यावर, दोन्ही बाजूंना फरशीसारख्या चपट्या जिवंत पेशी एकमेकींना खेटून बसल्या आहेत आणि मधून रक्त धो धो वाहते आहे. त्यातली काठावरची, जरा वाकडी बसलेली, ती मी.

मी एका नळ दुरुस्त करणाऱ्याच्या मेंदूतली पेशी आहे. जुनी आहे, पण थकलेली नाही. एका रक्तवाहिनीला दोन फाटे फुटतात, त्या तिठ्यावर, तिच्या आतल्या अस्तरात माझे घर आहे. मी ऐकते, पाहते कशी, असे विचारू नका. राहतेच मुळी डोक्यात, कान-डोळे काही लांब नाहीत.

माझा धनी जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे पाइप म्हणून पाहतो. दहा वर्षांच्या मुलीला तो ‘वायसर’ म्हणतो. नळ गळू नये म्हणून आत बसवतात ना रबराची चकती, ती वायसर. जीव एवढासा, पण तिच्यावाचून सगळे वाहून जाते.

रक्ताचा जोर आम्ही अंगावरच ओळखतो. सरळ रस्त्यावरच्या माझ्या बहिणी प्रवाहाच्या दिशेने शिस्तीत लांब होऊन पडतात. त्यांचे बरे आहे. तिठ्यावर रक्त येऊन आपटते, भोवरे घेते. तरी आम्ही बाहेरच्या स्नायूंना निरोप धाडतो, जरा सैल व्हा, आणि वाट रुंद होते. कुठल्या पाइपाला हे जमते, मला दाखवा.

पण धनी सिगारेट ओढायचा आणि त्या धुरातले विष आमच्या अंगावरून जायचे. वर रक्तदाब. डॉक्टरांनी गोळी दिली. महिन्याभराने दाब ठीक दिसला आणि त्याने गोळी बंद करून टाकली. टाकी भरली की पंप बंद करायचा असतो, असे त्याने घरी ऐटीत सांगितले. आयुष्यभर पंप बसवत आलेल्या माणसाला याहून शहाणपणाचे काय सुचणार? दाब पुन्हा चढला. मार आम्ही खाल्ला.

चूक माझीही झाली, ती लपवत नाही. घाबरून मी रक्तातल्या पांढऱ्या पेशींना, म्हणजे शरीराच्या शिपायांना, हाक मारली. ते भिंतीत घुसले आणि शत्रू शोधता शोधता त्यांनी भिंतच पोखरली. पातळ झालेली ती जागा बाहेर फुगली आणि वाटाण्याएवढा फुगा झाला.

धन्याला त्याचा पत्ताच नव्हता. एकदा बेसिनखालून उठताना त्याचे डोके कपाटाच्या कोपऱ्यावर आपटले, आणि त्या दुखण्याच्या तपासणीत फुगा दिसला. डॉक्टरीणबाईंनी समजावले, की असे सगळेच फुगे फुटत नाहीत, पण याचा आकार बरा नाही आणि फुटला तर जिवावर बेतेल. मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर जाऊन फुग्याच्या तोंडावर आतून जाळीची नळी बसवावी लागेल.

धन्याने मान हलवली. “जुन्या पाइपाला ठिगळ मी गिऱ्हाइकालाही लावून देत नाही. बदलून मिळत असेल तर बोला.”

“जाळीला तर भोकं असतात,” शेजारी बसलेली वायसर म्हणाली. “मग गळणार नाही का?”

बापाने तिच्याकडे अशा कौतुकाने पाहिले, की डॉक्टरीणबाई हरल्याच असे मला वाटले.

त्या हरल्या नाहीत. “वेलाला मांडव घालतात ना, तशी ती जाळी. काठावरच्या पेशी तिच्यावर सरकत येतील आणि तिला आतून झाकून टाकतील. मांडव मी घालणार, दुरुस्ती त्या करणार. पण त्यांना काही महिने लागतील. उघड्या तारेवर रक्ताची गुठळी बसू शकते, म्हणून तोवर रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही.”

“म्हणजे तो पाइप नाहीच, बाबा,” वायसर म्हणाली. “तो जिवंत आहे.”

मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली. मला ती पुरते. धन्याने पेन मागून घेतले आणि संमतीच्या कागदावर सही केली.

जाळी आली. मी पहिल्या तारेवर अंग पसरले. रक्त मला ओढत होते, निसटशील म्हणत होते. मी म्हटले, बघू. पुढे जागा मोकळी होती, म्हणून मी स्वतःचे दोन भाग केले आणि लेकीला पुढच्या तारेवर धाडले. समोरच्या काठावरूनही बहिणी निघाल्या होत्या.

तीन आठवडे झाले. निम्मी जाळी अजून उघडी होती. एका सकाळी धनी आरशासमोर उभा राहून म्हणाला, डोके ठणठणीत आहे, गळती थांबली. त्याने गोळ्यांची पाकिटे खणात टाकली आणि सिगारेटसाठी खिसा चाचपला.

मित्रांनो, मी इथून हटणार नाही. भोवरे येऊ देत, दाब येऊ दे, मी तार सोडणार नाही. पण धन्याची गोळी मी गिळू शकत नाही, त्याची सिगारेट विझवू शकत नाही. तुमच्या अंगातही माझ्यासारख्या कोट्यवधी जणी याच घडीला राबत आहेत. त्यांना दया नको. त्यांच्या कामात धूर सोडू नका आणि मोठ्यांनाही सोडू देऊ नका, एवढे पुरे.

आरशासमोरच्या बापाला वायसरने पाहिले होते. तिने बापाची हत्यारांची पेटी उघडली, वायसर ठेवायची सात कप्प्यांची डबी काढली आणि आतल्या सगळ्या चकत्या वर्तमानपत्रावर ओतल्या. डबी धुतली, पुसली. बापाला विचारून एकेका वाराच्या गोळ्या एकेका कप्प्यात भरल्या. खिशातली सिगारेट मागायला तिने नुसता हात पुढे केला आणि ती मिळाल्यावर मोडून टाकली. मग पेटी बंद करून ती तिच्यावर ठाण मांडून बसली, आजची गोळी आणि पाण्याचा पेला बापापुढे धरला, आणि त्याने गोळी गिळून पेला रिकामा करेपर्यंत जागची उठली नाही.