दोनदा टोचल्यावर

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

मुलाखतीत हा प्रश्न येणारच, असं ताईंच्या लेकीने बजावून ठेवलं होतं. महिनाभर रोज स्वयंपाकघरात तिने आईकडून उत्तर घोकून घेतलं होतं. "आणि आम्ही केलं, आम्ही केलं असं म्हणू नकोस गं. मी केलं म्हण. तिथे लाजून चालत नाही." आता उत्तर अगदी जिभेवर होतं. बाहेरून आलेले दोन परीक्षक पेन उघडून बसले होते. ताईंनी घसा खाकरला आणि तेवढ्यात मोठ्या बाईंचा फोन वाजला.

मोठ्या बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर. मधल्या खुर्चीत त्याच होत्या.

"ताई, वरच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. सिस्टरने दोनदा टोचलं, रक्त येत नाहीये. जरा जाऊन या ना. पाच मिनिटांचं तर काम."

दोनदा टोचून शीर सापडली नाही की तिसऱ्यांदा कुणी सुई लावायची नाही, ताईंना बोलवायचं, हा त्या रुग्णालयाचा रिवाज होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण चोवीस वर्षं तो कुणी मोडला नव्हता. 'नेमवाल्या ताई' हे नाव त्यातूनच पडलेलं. जेवता जेवता हात धुऊन त्या उठल्या होत्या, लेकीला ताप असताना घरून आल्या होत्या.

एखादी शहाणी बाई म्हणाली असती, एवढं उत्तर देते आणि जाते. दोन मिनिटं लागली असती. ताई लगेच उठल्या. खरं सांगायचं तर त्यांना आतून बरंच वाटलं. परक्या माणसांसमोर बोलावणं आलं, आता वेगळं काय सांगायचं, अशी त्यांची भाबडी समजूत.

जागा मुख्य तंत्रज्ञाची होती. वयाची अट पन्नासच्या आत, आणि ताईंना पन्नास पूर्ण व्हायला तीन महिने राहिले होते. या जागेसाठी त्यांनी चाळिशीत पदविका केली, सुट्ट्या जाळून दोन प्रशिक्षणं घेतली. पुढची जागा निघेल तेव्हा त्यांचा अर्जसुद्धा कुणी घेणार नव्हतं.

वर आजोबांचे दोन्ही हात काळेनिळे झाले होते. ताई घाई करणाऱ्यातल्या नव्हत्याच. त्यांनी गरम पाण्यात फडकं पिळून आजोबांच्या हाताला गुंडाळलं, हात पलंगाखाली लोंबता सोडला आणि स्टुलावर बसून राहिल्या. सिस्टर शेजारी उभी राहून बघत होती.

"आता बोटाने बघायचं," ताई तिला म्हणाल्या. "डोळ्यांनी शोधायला गेलं की फसतो आपण."

आजोबांना थरथर सुटली, मग रडू आलं. त्यांना शांत करण्यात आणखी वेळ गेला. रक्त मिळालं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

खाली मुलाखतीच्या खोलीत मोठ्या बाई एकट्याच कागद आवरत होत्या.

"परीक्षकांना दुसरीकडे जायचं होतं हो. तुमची फाइल बघितली त्यांनी. काळजी करू नका."

संध्याकाळी फलकावर नाव लागलं. ताईंनीच सुई धरायला शिकवलेल्या एका बत्तीस वर्षांच्या मुलीचं. ताई विचारायला गेल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कशाचा जाब विचारला होता, आणि तोही चाचरत.

"ताई, तुम्हाला ऑफिसात बसवलं तर वॉर्ड कोण सांभाळणार?" मोठ्या बाई मनापासून म्हणाल्या. "तुमच्यासारखं कुणाला जमतं का?"

हे वाक्य ताईंनी याआधीही ऐकलं होतं. दर वेळी घरी जाऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलंही होतं. आज त्यांनी ते सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं,

"तू उठलीसच कशाला?"

"म्हातारा माणूस होता हो."

"आणि तू?"

 लेकीचा फोन आला तो त्यांनी घेतलाच नाही. रात्रभर एकच गोष्ट त्यांनी मनाशी घट्ट धरली होती. जागा गेली ती गेली, पण हे काम आपल्याशिवाय कुणाला येत नाही. तेवढ्यावर उरलेली आठ वर्षं काढता येतील.

सकाळी आठला प्रयोगशाळेतला फोन वाजला. वरच्या वॉर्डाचाच होता. ताई समोरच बसल्या होत्या. आज वाट बघू दे जरा, असं त्यांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा आलं. फोन वाजून वाजून थांबला. आता पुन्हा वाजेल, मग कुणीतरी धावत खाली येईल, म्हणून त्या बसून राहिल्या. वीस मिनिटं झाली तरी कुणी आलं नाही. जीव घाबरा होऊन ताईंनी ट्रे उचलला आणि जिना चढल्या.

"झालं ताई, आजोबांचं रक्त घेतलं मी," कालचीच सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता. "आज टोचायच्या आधीच तुम्हाला फोन केला, तुम्ही उचलला नाहीत, मग म्हटलं आपणच बघावं. काल तुम्ही दाखवलंत ना, तसंच केलं. फडकं गुंडाळलं, हात खाली सोडला, बोटाने पाहिलं. पहिल्याच सुईला आलं. एवढं सोपं असतं होय हे?"

"छान झालं," ताई म्हणाल्या.

ट्रे हातात घेऊन त्या तशाच उभ्या होत्या. आजोबांनी तो पाहिला. एका हाताला ताजी पट्टी होती. त्यांनी काही न विचारता दुसरा हात पांघरुणाबाहेर काढला, मूठ आवळली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

ताई पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, एकेक बोट उलगडत आजोबांची मूठ सोडवली आणि हात पांघरुणाखाली सरकवला.

"आज नाही टोचायचं, आजोबा," त्या म्हणाल्या.