चपला काढून बसायची कढई

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. घरातली भजी तळायची नव्हे. गुऱ्हाळावरची, उसाचा रस आटवायची, सात-आठ माणसं मांडी घालून बसतील एवढी. आता माझ्या बुडाला चार भोकं आहेत आणि अंगाला लालभडक रंग. बेटावरच्या रिसॉर्टात लोक माझ्यात बसून फोटो काढतात. तुम्हाला वाटेल, म्हातारीचं बरं चाललंय. पण खोटं कशाला सांगू? माझा सगळा जन्म जळण्यात गेला. आधी चुलाणावर जळले, आणि मग एका हंसावर.

उमापूरच्या पुढे, गोदावरीच्या काठी पंडितरावांचं गुऱ्हाळ होतं. त्यांनी जाड पत्रे जोडून मला घडवून घेतलं. पहिल्या दिवशी काठोकाठ पाणी भरून पाहिलं, तर एक थेंब गळला नाही. त्याची ऐट मला अजून आहे. मग हंगामामागून हंगाम माझ्यात रस उकळला, गूळ झाला. पोरं माझ्या कडेला चिकटलेली काकवी बोटांनी पुसून चाटायची.

पुढे ऊस कारखान्याला जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. त्याच सुमारास खाली बंधारा झाला. पाणी फुगलं, आणि पलीकडचं टेकाड चहूबाजूंनी पाण्यात सापडून त्याचं बेट झालं. गावातल्या कितीतरी जणांची वावरं त्या टेकाडावर. जायचं कसं? पंडितरावांनी मला पाण्यात ढकललं. या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधला. माणसं माझ्यात बसायची आणि दोर ओढत ओढत पलीकडे जायची. वजन एका बाजूला गेलं की मी गरगर फिरायचे. मग पंडितरावांच्या पत्नी सुभद्राबाई ओरडायच्या, "मधी बसा रं, मधी! आन् पायताण काढा आदी. हिच्यात गूळ शिजलाय."

हा त्यांचाच नियम. ज्यात गूळ शिजला, त्यात चपला घालून पाय ठेवायचा नाही. मास्तर असोत की तलाठी, सगळे चपला हातात धरून अनवाणी बसायचे. कापसाच्या गोण्या, शेळ्या, खताची पोती, काय काय नेलं मी! ऐन पावसाळ्यात टेकाडावरच सुभद्राबाईंची सून सुनिता बाळंत झाली, तेव्हा तिला आणि दोन दिवसांच्या राजनंदिनीला मीच या काठाला आणलं. त्या दिवशी मी एकदाही फिरले नाही.

पुढे पंडितराव गेले. टेकाडावरच्या लोकांनी जमिनी विकल्या आणि तिथे रिसॉर्ट झालं. पाण्याच्या घसरगुंड्या, झिपलाइन, रेनडान्स, सगळं आलं. आणि लोकांची ने-आण करायला आला हंस.

म्हणजे हंसाच्या आकाराची मोटारबोट. पांढरीशुभ्र मान, पिवळी चोच, डोळ्यांना काळ्या पापण्या. पाण्यातल्या हंसाला पापण्या कशाला हव्यात, तुम्हीच सांगा! माझी वाट, माझी माणसं, माझं पाणी त्याने घेतलं. मला काठावर बाभळीखाली पालथं टाकलं. दिवसभर तो माझ्यासमोरून भुर्रकन जायचा आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझी एकच इच्छा उरली होती. माझ्या माणसांनी त्याच्यादेखत मला मान द्यावा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सुभद्राबाई आल्या. सोबत मुलगा अजिनाथ, सुनिता आणि नऊ वर्षांची राजनंदिनी. सगळे नव्या कपड्यांत. मला वाटलं, आता मला सुलटी करतील. राजनंदिनीने माझ्यावर टिचकी मारली. "पप्पा, हे काय हाय?"

"आपली जुनी कढई. भंगार झालंय आता. चल, बोट सुटंल," अजिनाथ म्हणाला.

भंगार! तेही गिळलं मी. पण पुढे जे झालं ते मला गिळता येईना. सुभद्राबाईंनी हंसात चढायच्या आधी सवयीने चपला काढल्या आणि माझ्याशेजारी ठेवल्या. बोटवाला हसला, "आजी, राहू द्या पायात."

"न्हाई बाबा. पाण्यावर जाताना पायताण न्हाई घालत आमी."

माझा मान त्या हंसाला! त्याच्यात काय शिजलं होतं कधी? दिवसभर मी धुमसत राहिले, आणि दिवसभर त्या चपलांची राखणही करत राहिले. एक कुत्रं दोनदा हुंगून गेलं.

संध्याकाळी सगळे परतले तेव्हा सुभद्राबाई लंगडत होत्या. सुनिता म्हणाली, "तिथल्या तापल्या फरशीनं आत्याबाईंचे पाय लई पोळले. बसून ऱ्हायल्या दिसभर एका झाडाखाली." मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

तेवढ्यात रिसॉर्टचे मॅनेजर वीरभद्र यांची नजर माझ्यावर पडली. "ही कढई आम्हाला द्या. रंग देऊन फोटोसाठी बसवू. पावसाचं पाणी साचू नये म्हणून बुडाला भोकं पाडावी लागतील."

सुभद्राबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मग ती तरंगल का?"

"तरंगायला हंस आहे ना, आजी."

मित्रांनो, त्या क्षणी मी कळवळून नको म्हणायला हवं होतं. पण मत्सराने मला आंधळं केलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा! भोकं पडू देत, पण मला त्या हंसासमोर नेऊन बसवा. सुभद्राबाई म्हणाल्या, "न्या. गंजण्यापरीस लोकांत तरी ऱ्हाईल."

त्या हंसानेच मला दोर बांधून बेटावर ओढत नेलं. माझा शेवटचा प्रवास, तोही त्याच्या शेपटीमागून. मग बुडात यंत्र फिरलं. ज्या बुडातून कधी थेंब गळला नव्हता, त्यातून आता हिवाळ्यातला अवकाळी पाऊस सरळ जमिनीत गेला. लोक चिखलाच्या बुटांनी माझ्यात उभे राहू लागले. वेफर्सच्या पिशव्या माझ्यातच टाकू लागले. आणि रांग? ती हंसापुढेच लांब.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सुभद्राबाई राजनंदिनीला घेऊन पुन्हा आल्या. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. त्या हंसातून उतरल्या, आणि त्यांच्या पायांत चपला होत्या! सरळ माझ्याकडे आल्या. राजनंदिनी बुटांसकट उडी मारणार, तोच त्यांनी तिचा दंड धरला.

"पायताण काढ आदी."

"कावून, आज्जी? सगळे तर बूट घालून बसतेत."

"हिच्यात गूळ शिजलाय. आन् तू दोन दिसांची व्हतीस, तवा हिच्यातच बसून पाण्यावरून आलतीस."

राजनंदिनीने बूट काढले. आत येऊन बरोबर मधोमध बसली. सुभद्राबाईंनी चपला काढल्या, आत आल्या आणि वाकून एकेका भोकावरून बोट फिरवलं. "चुकले ग बाई मी," त्या हळूच म्हणाल्या. "तुला इचारलं न्हाई."

मला बोलता आलं असतं तर सांगितलं असतं की विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. चूक दोघींची होती.

मागे रांगेतली पोरं बघत होती. एकाने सँडल काढले, मग दुसऱ्याने. माझ्या कडेला चपलांची ओळ लागली. हंस धक्क्याला उभा होता. त्या दिवशी त्याच्यात चढताना एकानेही चप्पल काढली नाही. मी मुद्दाम पाहत होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी वस्तू कोपऱ्यात पालथी पडली असेल. तिला भोक पाडण्याआधी एकदा सुलटी करून तिच्यात बसून बघा. आणि कधी इकडे आलात, तर हंसातूनच यावं लागेल, दुसरी सोय नाही. या. पण त्याच्यात चपला काढू नका. माझ्यासाठी ठेवा.