मोकळी चाकं

म्हाताऱ्याने पुन्हा किल्ली फिरवली आणि पेडल दाबलं. गवत कापायच्या त्या बसून चालवायच्या गाडीचं इंजिन घरघरलं, पण गाडी काही जागची हलली नाही.

"इंजिन तर ठणठणीत आहे. मग घोडं पेंड खातंय कुठं?" तो स्वतःशीच पुटपुटला.

म्हातारी पायरीवर मटार सोलत होती, पण लक्ष सगळं गाडीच्या मागच्या चाकाकडे. तिथे वीतभर लांबीचा एक दांडा होता. तो बाहेर ओढला की चाकं इंजिनापासून सुटतात आणि गाडी हाताने ढकलता येते. आत असला तर चौघांनी जोर लावला तरी ती हलायची नाही. हे तिला त्यानेच शिकवलेलं. आज सकाळी तो दाढी करत असताना तिने गुपचूप जाऊन दांडा बाहेर ओढून ठेवला होता.

करणार तरी काय बिचारी? पंधरवड्यापूर्वी उतारावर, चालत्या गाडीवरच त्याची मान खाली पडली. गाडी तशीच कालव्याकडे निघाली. मधे झाडाचा खुंट होता म्हणून निभावलं. "डुलकी लागली गं," म्हणे. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचा.

त्याने पट्टा चाचपला, तेल पाहिलं. मग हाक मारली.

"अगं, जरा इथे बस. वर कोणी नसलं की इंजिन बंद पडतं. तू पेडल दाब, मी मागून बघतो."

"अहो, मला नाही जमायचं."

"नुसतं दाबायचं तर आहे."

ती चढून बसली. समोर उतार, त्याखाली कालव्याचं काळं पाणी. दांडा दिसून याने आत सारला, तर गाडी तिला घेऊनच सुटणार होती. आणि खरं सांगावं, तर उद्या हा पुन्हा या गाडीवर.

"दाबलंस?"

न दाबावं तर आवाजावरून त्याला कळलं असतं. तिने डोळे मिटले आणि पेडल दाबलं.

मागे चाकापाशी त्याची पावलं थांबली. मान वळवायचा तिला धीर होईना.

"बंद कर. उतर खाली," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ. "आतलं काहीतरी गेलंय. गवताला आता माणूस बघू एखादा."

"बघू की," ती घाईने म्हणाली.

"चल, शेडमध्ये लावू. हात लाव."

एरवी गाडी ढकलायची झाली की तो आधी वाकून दांडा ओढायचा. इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. आज तो वाकलाच नाही. सरळ दोन्ही हात गाडीला लावले, आणि गाडी अलगद चालू लागली.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत ढकलत होता.

"तो डॉक्टर सकाळी बसतो की संध्याकाळी?"

"सकाळी."

शेडच्या दारापाशी त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "डॉक्टरकडे तूपण आत ये हं माझ्याबरोबर. बाहेर बसून राहू नकोस."