पांढऱ्या गाडीची ड्यूटी

प्रभाताईंनी गाझियाबादचा फ्लॅट पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे कोणी आशेवर राहायला नको. आता हे कोणी ऐकलंच नाही असं धरून चालू. १९९६च्या जानेवारीतला रविवार आहे, सकाळचे दहा वाजलेत, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्ससमोर प्रभाताई ठेवणीतली साडी नेसून पांढऱ्या अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर बसल्या आहेत, आणि गाडी सुरू होत नाही.

"चोक ओढा साहेब," बॉनेटमध्ये डोकं घालून संपतराव म्हणाले. "आता मारा सेल्फ."

गाडी खोकली आणि गप्प झाली.

संपतराव फौजेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. रणगाडे दुरुस्त केलेला माणूस. हा त्यांचा तिसरा रविवार. प्लग बदलून झाले, पॉइंट घासून झाले, कार्बोरेटर उघडून धुतला, बॅटरी नवी घातली.

"करंट येतोय, पेट्रोल येतंय. बंद राहायला हिला कारणच नाही. आमच्याकडं अशा जवानाचं सरळ कोर्टमार्शल करतात."

स्टिअरिंगवर बसलेल्या प्रभाताईंच्या यजमानांनी, श्यामकांत देवस्थळींनी, ही गाडी स्वतःच्याच ऑफिसच्या लिलावात घेतली होती. शेजारीपाजारी नव्या छोट्या गाड्यांसाठी नंबर लावून बसले असताना त्यांचं म्हणणं, ओळखीची गाडी बरी. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयाच्या वाहन शाखेत बसून बावीस वर्षं हिचं लॉगबुक त्यांनीच तपासलं होतं. एखादा साहेब हिला घरच्या कामाला घेऊन गेला की ते लाल शाईनं शेरा मारत : 'निजी काम. अनुमति नहीं.' त्यामुळे त्यांना बढती मिळाली नाही आणि झोप उत्तम लागली.

प्रभाताईंच्या हृदयाचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलं होतं. अकरा वर्षांपूर्वी नंबर लागलेला फ्लॅट आता कुठे बांधून झाला होता. तो त्याआधी एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. टॅक्सीनं चल म्हटलं तर म्हणत, "नको. जन्मभर ही गाडी खिडकीतून बघितली. आता हिच्यातच बसून जाईन."

"रोज ऑफिसला नेता तेव्हा काय करते?" संपतरावांनी विचारलं.

"एका चावीत सुरू होते."

संपतरावांनी हात पुसले. प्रभाताईंना खाली उतरवलं. "आता साहेब, कुठं जायचं ते मोठ्यानं बोला आणि चावी फिरवा."

"भाजी आणायला." काही नाही.

"देवळात." काही नाही.

"ऑफिसात. अर्जंट फाइल आहे."

इंजिन सुरू झालं. इतकं शांत, की कोणीतरी आत ऐकत बसलंय असं वाटावं.

"अच्छा, असं आहे तर," म्हणत प्रभाताईंनी मागचं दार उघडलं आणि त्या आत बसल्या. इंजिन बंद.

संपतरावांनी डॅशबोर्डचा खण उघडला. आत लॉगबुक होतं. ते लिलावाच्या वेळीच ऑफिसात जमा झालेलं होतं, श्यामकांतांनी स्वतः पावती घेतली होती. शेवटच्या पानावर तीन रविवारांच्या तीन ओळी. 'लक्ष्मीबाई नगर ते गाझियाबाद. निजी काम. अनुमति नहीं.' तिसरीची शाई अजून ओली होती.

"साहेब, हे तुम्ही लिहिलंत?"

"नाही."

"अक्षर यांचंच आहे," प्रभाताई मागून म्हणाल्या. "आमच्या तनयाच्या जन्माच्या वेळी मला कळा येत होत्या, तेव्हा हीच गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर बिचारा चला चला म्हणत होता. यांनी ऑटो बोलावली. गाडीनं बघितलं असणार."

डाळ संपलीय हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"फौजेत याला इलाज आहे, वहिनी," संपतराव म्हणाले. "साहेब, लिहा. साइट इन्स्पेक्शन. खाली सही ठोका. बात खतम."

श्यामकांतांनी पेन उघडलं. कोऱ्या ओळीवर बराच वेळ धरलं.

"लिहा हो," प्रभाताई म्हणाल्या. "एकदाच."

"उद्या रीतसर परवानगी घेतो," श्यामकांत म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

प्रभाताई उतरल्या. "चलो, संपतराव, चहा घेऊन जा."

फाइल तीन टेबलं चढली आणि चौथ्यावर बसली. ऑपरेशन मात्र ठरल्या तारखेला झालं. प्रभाताई परत आल्या नाहीत.

तेराव्यानंतर श्यामकांत ऑफिसला निघाले. गाडी सुरू होईना.

"ऑफिस," ते मोठ्यानं म्हणाले. "अर्जंट फाइल."

काही नाही. त्यांनी आरशात पाहिलं. मागच्या सीटच्या स्प्रिंगा डाव्या बाजूला दबलेल्या होत्या, एक माणूस बसल्यावर दबतात तेवढ्याच. त्यांनी लॉगबुक काढलं. आजची तारीख. 'पीछे एक सवारी. निजी काम. अनुमति नहीं.'

या वेळी त्यांनी टोपण काढलं आणि न थांबता लिहिलं : साइट इन्स्पेक्शन. सही केली. सहीखाली त्यांच्याच अक्षरात लाल शाई उमटत गेली : 'झूठी एंट्री.'

त्याच दिवशी त्यांनी अर्ज दिला.

'मा. अवर सचिव, वाहन शाखा, यांस. महोदय, सदर वाहनात माझी पत्नी कै. सौ. प्रभा बसलेली आहे. तिला उतरण्यास सांगण्याचे मी टाळले आहे. तिचा लक्ष्मीबाई नगर ते गाझियाबाद हा एकेरी प्रवास सरकारी काम समजून त्यास मंजुरी द्यावी आणि त्या कामी माझे सर्व जुने शेरे रद्द समजावेत, ही नम्र विनंती.'