पाण्याखालचा चौरंग

मावशींनी सिरिंजमधला बुडबुडा टिचकी मारून वर आणला, तेवढ्यात संशोधक मुलीने ती अलगद त्यांच्या हातातून काढून घेतली.

"आज इंजेक्शनं मी देते, मावशी. तुम्ही नुसता टॉवेल धरा."

आवाज गोडच होता. पण अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळलेल्या बाईच्या हातून सिरिंज काढून घेणं म्हणजे काय, ते दोघींनाही कळत होतं. मावशी निमूटपणे टॉवेल घेऊन खिडकीखालच्या आपल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या.

खोलीच्या मधोमध गोल हौद होता. पाण्यात दूध पावडर कालवलेली, त्यामुळे पाण्याखाली बोटभर बुडालेला चौरंग दिसत नसे. उंदराला रोज वेगळ्या कडेने सोडायचं आणि त्याने पोहत तो चौरंग शोधायचा. भिंतीवरचे त्रिकोण-वर्तुळं बघत बघत चार दिवसांत त्याला जागा पाठ होते. निम्म्या उंदरांना आधी 'अ' बाटलीतलं नुसतं मिठाचं पाणी मिळे, निम्म्यांना मात्र 'ब' बाटलीतलं औषध. त्याचं कारण मुलीने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "ग्लुटामेट म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. रिसेप्टर म्हणजे तो घेणारं दार. तोच निरोप पुन्हा पुन्हा आला की दोघींची गाठ घट्ट बसते, तीच आठवण. औषधाने ते दार बंद होतं. म्हणजे 'ब'वाल्यांना जागा पाठ होता कामा नये."

आणि पंधरा दिवस 'ब'वाले शहाण्या मुलांसारखे सरळ चौरंगावर येऊन बसत होते.

मग बाटल्यांची अदलाबदल कुणी केली? इंजेक्शनं भरणारी एकच होती. मुलगी तसं म्हणाली नव्हती. काल तिने फक्त विचारलं होतं, "मावशी, हल्ली घरी फार दगदग होतेय का?"

ते मावशींच्या जिव्हारी लागलं होतं. घरी यजमानांचं असंच विसरणं सुरू झालं होतं. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, पण नव्या घरात येऊन चार महिने झाले तरी न्हाणीघर म्हणून कपाट उघडायचे. मावशींनी भिंतीवर बाण चिकटवले. यजमानांनी ते कौतुकाने वाचले आणि पुन्हा कपाटच उघडलं. त्यांची गोळी लिहून देताना डॉक्टरांच्या तोंडीही हाच शब्द आला होता, ग्लुटामेट. आता आपलं डोकंही त्याच वाटेला लागलं असेल तर? मावशींना भीती वाटत होती, आणि ती नोकरीची नव्हती. दोघांतल्या एकाला तरी घर ठाऊक असायला हवं.

मुलीने 'ब'ची नवी बाटली फोडली, स्वतः इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने नऊ नंबरचा उंदीर पाण्यात सोडला. तो सरळ चौरंगावर आला. अकरा सेकंद.

मुलगी खुर्चीत टेकली. "बाटली मी फोडली. इंजेक्शन मी दिलं. आता बोलायचं कुणाला?"

मावशींनी उंदराला पुसून पिंजऱ्यात ठेवलं.

मुलीने चौदा नंबरचा सोडला. "मावशी, दारामागची वही देता जरा?"

मावशी हौदाला वळसा घालून दाराकडे गेल्या. अर्ध्या वाटेवर आलेला उंदीर पाण्यात थबकला, वळला आणि दाराच्या बाजूला येऊन भिंतीला नखं मारू लागला. तिथे चौरंग नव्हता.

"मावशी, आता परत खिडकीकडे जा."

त्या गेल्या. उंदीरही मागोमाग गेला.

तो चौरंगावर चढला तसं मावशींनी त्याला टॉवेलात घेतलं. मग मुलीने 'ब'मधलाच पुढचा उंदीर उचलला आणि हळूच म्हणाली, "जरा बाहेर थांबता?"

दाराच्या काचेतून मावशींना दिसलं. उंदीर हौदाच्या कडेकडेने नुसता फिरत होता. मिनिट उलटलं तरी त्याला चौरंग मिळाला नाही. मुलीने त्याला बाहेर काढलं आणि दार उघडलं.

"औषध चोख आहे. त्यांना चौरंग कधी आठवतच नव्हता. ते तुमच्याकडे येत होते, आणि तुम्ही रोज नेमक्या चौरंगापाशी उभ्या." ती कसनुशी हसली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. पंधरा दिवस पाण्यात गेले, अगदी खरोखर. आणि मी मात्र तुम्हाला..."

"असू दे गं."

मावशींचा जीव भांड्यात पडला. त्या स्टुलावर बसल्या, डोळे पुसले, आणि मग लक्षात आलं की टॉवेल उंदरांचा आहे.

"जागा कळत नाही त्यांना," त्यांनी विचारलं, "पण माणूस कळतं?"

"समोर दिसत असलं तर. त्याला ते रिसेप्टरचं दार लागत नाही."

संध्याकाळी मावशी घरी पोचल्या तेव्हा यजमान कपाटाच्या मुठीवर हात ठेवून विचारात उभे होते. एरवी मावशींनी दारातूनच हाक मारली असती, तिकडे नाही अहो, इकडे. आज त्यांनी चपला काढल्या, दोरीवरचा टॉवेल घेतला आणि न्हाणीघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

यजमानांनी भिंतीवरचा बाण वाचला. मग कपाटाकडे पाहिलं. मग मान वळवली, मूठ सोडली आणि सरळ चालत आले.

"कधीची उभी आहेस?"

"झाले अकरा सेकंद," मावशी म्हणाल्या.

यजमानांनी टॉवेल घेतला आणि ते आत गेले.