दात झोपले आहेत

पाळणाघरातून फोन आला तेव्हा दातवालीच्या हातात एका नवरदेवाचे अठ्ठावीस दात होते.

"तुमच्या मुलीनं आज पुन्हा चावलं," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या.

"अगंबाई! कुणाला?"

"मला. या आणि घेऊन जा."

दातवालीनं पॉलिशचं चाक बंद केलं, कवळी पुसली आणि एक मोठ्ठा सुस्कारा सोडला. ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवायची. साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरड्या घासून घासून खऱ्याहून खऱ्या करायच्या. त्यामुळे शेजारीपाजारी, नात्यागोत्यात सगळे तिला दातवालीच म्हणत. आणि जगाला दात पुरवणाऱ्या या बाईच्या घरी दातांचा सुकाळ आणि दुष्काळ एकाच वेळी चालू होता. सासऱ्यांचे सगळे पडून गेलेले, आणि अडीच वर्षांच्या लेकीच्या दाढा येत असलेल्या. या दाढांना चावायला काहीही चालायचं. टेबलाचा कोपरा, बापाचा पट्टा, आणि आता ताईंचा दंड. कुरतडायची हौस आणि लपवायची त्याहून जास्त, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं खारूताई.

हातातली कवळी ट्रॅफिक पोलिसातून निवृत्त झालेल्या एका काकांची होती. त्यांचं आज साडेचारला नोंदणी कार्यालयात लग्न होतं, मोटार ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंशी. नोकरीत असताना काकांनी या बाईंना इतक्या वेळा दंड केला होता, की निवृत्त झाल्यावर दोघांनाही करमेना. सगळं सुरळीत होतं. पण परवा काका आरशासमोर लग्नातलं हसू बसवून बघत होते, तेवढ्यात जुनी कवळी बेसिनमध्ये पडून तिचे दोन तुकडे झाले. आणि खरी मेख अशी, की काकांना स्वतःचा एकही दात नाही हे बाईंना ठाऊकच नव्हतं. तेव्हापासून काका खोकल्याचं सोंग करून, तोंडाला मफलर गुंडाळून, होणाऱ्या बायकोशी नुसते मानेनं बोलत होते.

डॉक्टरांचा, म्हणजे लॅबच्या मालकांचा, नियम साफ होता. कवळी लॅबमधून निघाली की थेट पेशंटच्या हातात. गेल्या महिन्यात एका आजींची कवळी दातवालीच्या पर्समधून चघळलेल्या टॉफीसकट बाहेर निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "अजून एक भानगड झाली ना, की तुम्ही घरीच बसा."

आज डॉक्टर बाहेर होते. दातवालीनं दात डब्यात घातले, लॅबला कुलूप लावलं आणि काकांना फोन केला, "काका, दात तयार आहेत. पण न्यायला घरी या हं."

"पण लग्न आज आहे माझं," काका घाबरून म्हणाले. दात नसल्यानं त्यांच्या तोंडून 'स'चा 'फ' होत होता. "फाडेचारला आहे!"

"कळलं हो. लगेच या."

पाळणाघरातून लेकीला उचलून घरी पोचल्यावर तिनं डबा फ्रिजच्या डोक्यावर ठेवला. खारूताईचा हात तिथे पोचत नाही, स्टूल लावलं तरी पोचत नाही, हे तिनं आधीच तपासून ठेवलं होतं. मग सकाळपासून पहिल्यांदाच ती बाथरूमला गेली. एकटी. दार लावून. बाहेरून कुणी दार बडवलं नाही, दाराखालून कुणी बोटं घातली नाहीत. अनुभवी बाईला इथेच शंका यायला हवी होती. पण सुखाचे क्षण थोडे असतात, त्यात माणूस शंका कशाला काढेल?

बाहेर आली तर फ्रिजचं डोकं रिकामं.

"बाबा! इथला डबा?"

"तो होय?" सासरे पेपरातून वर बघत म्हणाले. "मला वाटलं माझे दात तू तिथे ठेवलेस. उघडून बघतो तर एकदम पांढरेशुभ्र. म्हटलं, सूनबाईनं धुऊन काढले की काय! मग लक्षात आलं, माझे तोंडातच आहेत."

"मग डब्याचं काय केलंत?"

"हा काय, स्टुलावर ठेवला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तोंडात दात आणि घरभर शोध. स्टुलावर डबा होता. उघडा. आणि त्यात हवा सोडून काहीही नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून खारूताई चवड्यांवर चालत आली. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "शूऽऽ! दात झोपले."

दातवालीचीच दातखीळ बसायची वेळ आली. कारण हे प्रकरण तिला माहीत होतं. आठवडाभर खारूताईला सगळ्यांना झोपवायचं वेड लागलं होतं. झारा झोपला होता, बाबाच्या गाडीची किल्ली झोपली होती. टीव्हीचा रिमोट इतका गाढ झोपला होता, की चार दिवस आजोबा एकच चॅनल बघत होते.

"माझं शहाणं बाळ ते! कुठे झोपलेत दात?"

"शूऽ! उठतील ना!"

"मग उठू देत की."

"नाही. सकाळ झाली की उठतात."

दातवालीनं बिस्किटाची लाच दिली. खारूताईनं बिस्किट घेतलं, थोपटलं आणि ते सोफ्यावरच्या उशीखाली झोपवून आली. मग दातवालीनं डोळे वटारले, तर खारूताईनंही वटारले. शेवटी सून-सासऱ्यांनी मिळून खारूताईची उशी, आजोबांची गादी, बुटांचे जोड, पिठाचा डबा, कचऱ्याची बादली सगळं उलथंपालथं केलं. आणि तेही कुजबुजत, कारण जरा आवाज झाला की खारूताई "शूऽऽ" करून गळा काढायच्या बेतात यायची. परगावी गेलेल्या नवऱ्याला फोन लावला.

"शेवटचे कुठे बघितले होतेस?" नवरा म्हणाला.

"हातात."

"मग हातात बघ ना नीट."

तिनं फोन ठेवला. नवरा समोर नव्हता हे त्याचं नशीब.

बेल वाजली. दारात काका उभे. कडक इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट, कोटाच्या खिशातून डोकावणारी जुनी शिट्टी, आणि डोळ्यांपर्यंत मफलर.

"झाले का दात?"

"झाले हो काका. पण... झोपलेत."

काकांनी मफलर खाली ओढला. त्यांचं तोंड उघडं पडलं, आणि खारूताई थक्क होऊन बघत राहिली. एवढा मोठा माणूस आणि तोंड बाळाचं!

"ताई, तिकडे ती उभी अफेल," काका रडवेले झाले. "मफलर काढा म्हणतील. नाव फांगा म्हणतील. मी काय फांगू?"

"नाव सांगा आणि मोकळे व्हा," सासरे म्हणाले. "कवळी बसवली त्याच दिवशी आमच्या हिला सांगितलं असतं, तर..."

"आजोबा, तुम्ही गप्प बफा!"

"आजोबा कुणाला म्हणता? लग्न तुमचं आहे म्हणून वय माझंच वाढलं का?"

"भांडू नका हो!" दातवाली कुजबुजली. आपली नोकरी आणि काकांचा संसार, दोन्ही एकदमच ही पोरगी कुठे झोपवून आली होती कुणास ठाऊक. "सकाळ झाल्याशिवाय ती सांगणार नाही. मी करू तरी काय?"

काकांनी आयुष्यभर चौकात उभं राहून अडलेली वाहनं सोडवली होती. त्यांनी नाक शिंकरलं, ताठ उभे राहिले आणि हात वर केला.

"मग करा की फकाळ!"

दोन मिनिटांत घरात रात्र झाली. पडदे ओढले, दिवे घालवले. सासरे सोफ्यावर आडवे झाले, दातवाली चटईवर. काका आधी कोटाकडे बघत घुटमळले, पण खारूताईनं बोटानं जागा दाखवली आणि सरकारी माणूस निमूटपणे तिथे आडवा झाला. तिनं प्रत्येकाला पांघरूण घातलं. पांघरुणं संपली तेव्हा काकांच्या वाट्याला हात पुसायचा टॉवेल आला. तो तिनं त्यांच्या तोंडावर घातला आणि दणदणीत थोपटलं.

"डोळे मिट. दुसरा पण."

काकांनी दुसराही मिटला.

अंधार, चटई, थोपटणं. दातवालीनं ठरवलं होतं की एक डोळा किलकिला ठेवून नजर ठेवायची. पण अडीच वर्षांत कुणी तिला "झोप" म्हणून थोपटलं नव्हतं. किलकिला डोळा कधी मिटला ते तिला कळलंच नाही. काकांनी घोरायचं नाटक केलं, सासऱ्यांना नाटक करायची गरजच पडली नाही.

मग ताटलीवर चमचा आपटल्याचा आवाज झाला. दातवालीनं डोळे उघडले तर समोर ती स्वतःच उभी होती, फक्त तीन वितींची. खांद्यावर तिचीच पर्स, पायात तिच्याच चपला, कानाला कंगवा.

"हो दॉक्तर, निघालेच, वाटेतच आहे," खारूताई कंगव्यात म्हणाली. कंगवा पर्समध्ये टाकला आणि तोंडाचा पट्टा सोडला. "उठा! किती वेळा सांगू? रोजचंच आहे तुमचं! माझ्या डोक्याला ताप!"

"अरे देवा," सासरे पुटपुटले. "हुबेहूब!"

दातवालीनं पांघरूण डोक्यावर ओढलं, पण ते लगेच खेचून काढलं गेलं. "नाटकं नकोत! उठ म्हटलं की उठायचं!" मग ती सासऱ्यांकडे वळली. "चहा नंतर. आधी दात!" आणि काकांच्या तोंडावरचा टॉवेल ओढून म्हणाली, "तुझे दात कुठे आहेत?"

"तेच तर विचारतोय गं बाई!" काका कळवळून म्हणाले.

"काय बाई, एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!" असं म्हणत खारूताई पर्स फरफटवत आतल्या खोलीत गेली. तिच्यामागून तिघं रांगेनं. ती सरळ दातवालीच्या पलंगावर चढली आणि आईच्या उशीच्या अभ्र्यात कोपरापर्यंत हात घातला. आधी झारा निघाला. मग किल्ली. मग रिमोट, तो आजोबांनी छातीशी धरला. आणि शेवटी, तिच्या लाल मोज्यात गुरफटलेले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात.

"माझ्या उशीत!" दातवाली म्हणाली. "आणि मला एवढे दिवस टोचलं नाही?"

"तू तिथे झोपतेस कुठे?" सासरे म्हणाले. "रोज हिच्या खाटेच्या कडेला लटकलेली असतेस."

खारूताईच्या मते तर ती घरातली सर्वात शांत जागा होती. तिथे कधी कुणी येतच नसे.

आता दात जागे झाले म्हटल्यावर घासणं आलंच. स्ट्रॉबेरीच्या टूथपेस्टनं, वर, खाली, "आऽ कर" म्हणत. नवरदेव घड्याळाकडे बघत होते, पण शब्द काढायची हिंमत नव्हती. दातवालीनं नंतर कवळी नळाखाली धरली, काकांच्या तोंडात बसवली, वर-खाली मिटवून बघितली. सोफ्यावरचं बिस्किट उठवून त्यांना चावायला दिलं. कुडुम्!

"बोला काका. साडेचार."

काकांनी श्वास घेतला. "साडेचार," ते म्हणाले. मग त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. "साडेचार! सही! साक्षीदार! सौभाग्यवती!" त्यांनी शिट्टी दातांत धरली आणि अशी फुंकली, की खाली रस्त्यावर दोन स्कूटर जागच्या जागी थांबल्या.

"मीही येतो," सासरे चपला शोधत म्हणाले. "ऐनवेळी पुन्हा झोपले तर उठवायला कुणी हवं ना."

"या राव, या," काका म्हणाले. आता आजोबा म्हणायची त्यांची छाती नव्हती. दारात ते थांबले, खारूताईसमोर टाच आपटून त्यांनी कडक सलाम ठोकला, आणि मफलर तिच्या गळ्यात घालून पळत सुटले.

घर एकदम शांत झालं. दातवाली पलंगावर, स्वतःच्या उशीवर, सहज म्हणून टेकली. फक्त पाठ टेकायची होती.

थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. खारूताईनं पलीकडे बघितलं, अलीकडे बघितलं. आई उघड्या तोंडानं घोरत होती. तिनं आईच्या अंगावर मफलर पसरला, थोपटलं आणि फोन कानाला लावला.

"हॅलो, मी डॉक्टर बोलतोय. दात गेले का पेशंटच्या हातात?"

"दात लग्नाला गेले," खारूताई कुजबुजली.

"काय? मोठ्यानं बोला! कोण बोलतंय? मॅडम कुठे आहेत?"

खारूताईनं क्षणभर विचार केला. डॉक्टरांना काय सांगायचं असतं ते तिला पाठ होतं.

"हो दॉक्तर, निघालेच. वाटेतच आहे."

आणि तिनं फोन उशीच्या अभ्र्यात झोपवला.